नावात धनुष्य, हातात नाही : वऱ्हाडातल्या धनुर्धराने काय वाचावे?

१/
मेहकरचा शारंगधर बालाजी १८८८ साली जमिनीखालून वर आला. काळ्या पाषाणाची, माणसाच्या उंचीला सहज मागे टाकणारी ही विष्णुमूर्ती आहे. तिच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आहे. 'शार्ङ्ग' हे विष्णूच्या धनुष्याचे नाव आणि ते धारण करणारा तो शार्ङ्गधर. मूर्तीच्या नावात धनुष्य आहे, हातात मात्र नाही. धनुष्याने होणाऱ्या शिकारीच्या इतिहासाचेही आपल्याकडे पुष्कळसे असेच झाले आहे.

२/
याच मेहकर तालुक्यातील जानेफळच्या एखाद्या तरुणाला साध्या लाकडी धनुष्याविषयी आणि त्याने होणाऱ्या शिकारीविषयी वाचावेसे वाटले, तर त्याच्यापुढे प्रथम इंग्रजी पुस्तकेच येतात. रॉजर अॅस्कमचे १५४५ सालचे 'टॉक्सोफिलस', मॉरिस थॉम्पसनचे १८७८ सालचे 'द विचरी ऑफ आर्चरी', सॅक्स्टन पोपचे १९२३ सालचे 'हंटिंग विथ द बो अँड अॅरो'. तिन्ही पुस्तके उत्तम आहेत आणि पोपकडे पुढे परत यावेच लागेल. पण ज्या मातीत तो तरुण उभा आहे, तिच्या आसपास याच विषयावर दोन हजार वर्षे लिहिले जात आहे. त्याची यादी सहसा कोणी करत नाही.

३/
एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही संपली. हरीण असो, रानडुक्कर असो वा ससा, भारतात छंद म्हणून धनुष्याने शिकार करणे हा गुन्हा आहे. क्रीडांगणावरचे लक्ष्य मात्र मोकळे आहे. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत विश्वविजेते झाले, ते त्याच मोकळ्या वाटेने. रानातली वाट आता फक्त पुस्तकांतून जाते.

४/
सुरुवात कौटिल्यापासून करावी. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षाचे प्रकरण आहे. तेथे धनुष्य कशाचे, तर ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे, असे चार प्रकार येतात. शिंगाचे ते शार्ङ्ग. मेहकरच्या देवाचे नाव मुळात एका सामग्रीचे नाव आहे, हे येथे कळते. दोरी कशाची, तर मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू आणि स्नायू. यातला अर्क म्हणजे बांधाबांधावर उगवणारी रुई. तिच्या सालीचा धागा किती चिवट असतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. बाणाचे टोक छेदणारे, भेदणारे की नुसते ताडन करणारे, आणि ते लोखंडाचे, हाडाचे की लाकडाचे, हेही कौटिल्य नोंदवतो. प्रा. र. पं. कंगले यांच्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठीत वाचता येतो.

५/
त्यानंतर धनुर्वेद. या नावाचा एकच प्राचीन ग्रंथ हाती नाही. निरनिराळ्या ग्रंथांत त्याची प्रकरणे विखुरलेली आहेत. अग्निपुराणात पायदळाच्या धनुष्याची मापे आहेत : चार हात लांबीचे उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम, तीन हातांचे कनिष्ठ. चार हात म्हणजे जवळपास सहा फूट, पुरुषाच्या उंचीएवढे. चौदाव्या शतकातील 'शार्ङ्गधरपद्धती' या सुभाषितसंग्रहातही धनुर्वेदावर एक भाग आहे. संग्रहकाराचे नाव शार्ङ्गधर, आणि पीटर पीटरसन यांनी त्याची आवृत्ती मुंबईत छापली तेही १८८८ सालीच. एक शार्ङ्गधर मेहकरात जमिनीतून आणि दुसरा मुंबईत छापखान्यातून, एकाच वर्षी बाहेर आला. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो लक्षात राहतो.

६/
शिकारीवरचा खरा मोठा ग्रंथ मात्र 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाचा हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. पाच विंशती, शंभर अध्याय. चौथ्या विंशतीत राजाचे विनोद, म्हणजे करमणुकीचे प्रकार, येतात. शस्त्रविनोद, हत्ती आणि घोडे यांचे खेळ, मल्लांच्या कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, कुत्रे, ससाणे, मासेमारी आणि मग मृगयाविनोद. माणसाळवलेले हरीण आमिष म्हणून पुढे करून रानातले हरीण कसे जवळ आणावे, इतक्या बारकाईने तो लिहितो. गायकवाड प्राच्यग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने बडोद्याहून हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही प्रसिद्ध नोंदही याच ग्रंथातली. त्यामुळे मराठीचे अभ्यासक तो ओवीसाठी उघडतात आणि मृगयेची पाने न वाचताच मिटतात.

७/
पण सोमेश्वराच्या पानांवर एक मोठी उणीव आहे. राजा रानात येतो तेव्हा त्याच्याआधी माग काढणारे, हाकारे, जाळी लावणारे, हरणे माणसाळवणारे येऊन गेलेले असतात. प्राणी कोणत्या वेळी पाण्यावर येतो, वारा कोणत्या बाजूने असावा, हे राजाला कोणीतरी सांगितलेले असते. ते 'कोणीतरी' ग्रंथात आहेत, पण त्यांना आवाज नाही. कौटिल्याचे तेच आणि पुराणाचेही तेच. धनुष्यावरचे बहुतेक ग्रंथ, ज्यांची चूल धनुष्यावर पेटत नव्हती अशांनी लिहिले आहेत. दोर ओढणाऱ्या हाताने लेखणी धरली नाही. ही जाणीव ठेवून पुढची पुस्तके वाचली तर त्यांत वेगळ्याच गोष्टी दिसू लागतात.

८/
त्या दृष्टीने या यादीत सर्वांत वर बसवावे असे पुस्तक शस्त्राचे नाही, शृंगाराचे आहे : हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती'. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांमध्ये राजे थोडे आहेत. शेतकरी, प्रवासी, नांगऱ्यांच्या बायका आणि व्याध पुष्कळ आहेत. स. आ. जोगळेकरांनी त्यांची मराठी आवृत्ती १९५६ साली सिद्ध केली.

त्यात एका तरुण व्याधाचे नुकतेच लग्न झाले आहे. त्याला आता आपलेच धनुष्य ओढवत नाही, म्हणून तो ते तासून हलके करतो. त्याचे सालपे वाऱ्याने अंगणातून गावभर उडतात आणि नव्या सुनेच्या सौभाग्याची पताका फडकावी तसे दिसतात. वाचक हसतो, कारण थट्टा नवरदेवाची आहे. पण धनुष्य घडवणारा कोणीही येथे थबकेल. काठीचा पोटाकडचा भाग तासला की ती मऊ होते आणि ओढ कमी होते. आज अमेरिकेत नि युरोपात लाकडी धनुष्य करणारे हौशी लोक आठवडेच्या आठवडे हेच करत बसतात. ही गोष्ट या भूमीतल्या कवीला इतकी परिचयाची होती की ती समजावून सांगण्याची त्याला गरज वाटली नाही. कवीने ती कोठे पाहिली असेल? कोणत्या तरी व्याधाच्या अंगणातच.

९/
दुसऱ्या एका गाथेत व्याधाची आई तक्रार करते. पूर्वी एका बाणाने हत्ती लोळवणारा माझा मुलगा, सून आल्यापासून भाता भरून बाण वाहतो आहे. पुन्हा थट्टाच. पण एका बाणात काम करणारा तो खरा शिकारी आणि भाता भरून नेणारा तो नवशिका, हा व्यवसायाचा मापदंडही त्यात आहे. तो कोणत्याही धनुर्वेदात इतका नेमका आलेला नाही. एका शास्त्रग्रंथातील दहा श्लोकांपेक्षा सासूचे हे एक वाक्य धनुर्धराला अधिक शिकवते, असे म्हणायला हरकत नाही.

१०/
तिसरी गाथा थट्टेची नाही. व्याधाने बाण लावला आहे. समोर हरणांची जोडी आहे. नर मादीच्या पुढे येतो, मादी नराच्या पुढे येते. प्रत्येकाला दुसऱ्याचा घाव आपल्यावर घ्यायचा आहे. व्याधाचे धनुष्य आसवांनी भिजते आणि तो ते खाली ठेवतो.

कालिदासाने रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाच्या मृगयेत असाच प्रसंग रंगवला आहे. तेथे कानापर्यंत ओढलेला बाण मागे घेणारा सम्राट आहे. त्या रात्री त्याच्या घरी कोणी उपाशी झोपणार नाही. गाथेतल्या व्याधाची गोष्ट तशी नाही. धनुष्य खाली ठेवणे त्याला परवडत नाही, आणि तरी तो ते ठेवतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचावीत.

११/
या गाथा दूरच्या कोणाच्या नाहीत. मेहकरच्या शेजारचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी पुष्कळ वाखाणले. ज्या भाषेत व्याधाच्या अंगणातले सालपे उडाले, ती भाषा याच पठारावर राजदरबारी मान पावली होती.

१२/
तेराव्या शतकात हेच पठार 'लीळाचरित्रा'त येते. मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आहेत. म्हाइंभटांनी संकलित केलेला हा ग्रंथ डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केला आणि तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. कोलते स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे.

त्यातली सशाची लीळा शाळेच्या पुस्तकांतूनही पुष्कळांच्या ओळखीची असते. कुत्र्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. मागून पारधी येतात आणि ससा मागतात. शरण आलेला देता येत नाही, असे उत्तर त्यांना मिळते. ते गेल्यावर स्वामी सशाला एखाद्या माणसाला द्यावा तसा आदराने निरोप देतात. येथे धनुष्य नाही, कुत्रे आहेत. हौशी वाचकाची थोडी निराशा होईल. पण पारध्यांशी झालेला संवाद पाहावा. त्यांना कोणी हाकलत नाही, शाप देत नाही. त्यांच्याशी बोलले जाते. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच शिकारी आणि शिकार या दोघांनाही माणसासारखे वागवणारे हे पान आहे.

१३/
याच्या अगदी उलट वागणूक महाभारताच्या आदिपर्वात आहे. एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण ती घडते कुठे, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पांडव मृगयेला गेले आहेत. त्यांचा कुत्रा भुंकतो आणि निषादपुत्र त्याच्या तोंडात सात बाण सोडतो. म्हणजे एकलव्य सापडतो तो शिकारीच्या रानात. पुढे अंगठा जातो. पण कथा तिथे संपत नाही. त्यानंतर तो बोटांनी दोरी ओढू लागला आणि त्याचा वेग पूर्वीसारखा राहिला नाही, असे महाभारत सांगते. अंगठ्याने ओढणे आणि बोटांनी ओढणे या धनुर्विद्येच्या दोन भिन्न पद्धती आहेत. मध्य आशियात पहिली रूढ झाली, पश्चिम युरोपात दुसरी. गुरुदक्षिणेने एका मुलाला एका पद्धतीतून दुसरीत ढकलले आणि त्याची किंमत काय पडली, हे कवीने नोंदवून ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती हाती असेल तर हा भाग मुळातूनच पाहावा.

१४/
आता 'पारध' या शब्दाकडे. प्राकृतात शिकारीला 'पारद्धि' म्हणत. संस्कृतात तो शब्द नेताना त्याला 'पापर्द्धि' असे रूप दिले गेले. पाप अधिक ऋद्धी, म्हणजे पापाची वाढ. एका व्यवसायाच्या नावातच निवाडा बसवला गेला.

१८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने तोच निवाडा कायद्याच्या भाषेत लिहिला. फाशांनी हरणे धरणारे फासेपारधी, लंगोटी पारधी, चित्ता पाळून शिकार करणारे चित्ता पारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकर. यांतल्या अनेकांच्या वाट्याला पोलिसांची हजेरी आली. कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीत आजही फासेपारधी, चित्ता पारधी, टाकणकर यांच्याबरोबर 'शिकारी' असे एक नाव आहे.

१५/
या लोकांविषयीचा सर्वांत मोठा छापील ऐवज म्हणजे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा 'ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस', चार खंड, १९१६. भिल्ल, कोरकू, गोंड आणि पारधी यांची वर्णने त्यात आहेत. वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांताला जोडलेला होता, त्यामुळे बुलढाण्याच्या वाचकाला तो उपयोगी पडतो. पुस्तक प्रसिद्ध झालेले पाहायला रसेल राहिला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये भूमध्य समुद्रात 'पर्शिया' ही बोट पाणतीराने बुडाली, तीत तो गेला.

हा ग्रंथ वाचावा, पण सावधपणे. त्यात माणसे जातीच्या नावाने येतात, स्वतःच्या नावाने जवळपास येतच नाहीत. भिल्लाच्या बांबूच्या कामठ्याला दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची असते, एवढे वाचकाला कळते. ती पट्टी कोणत्या महिन्यात कापावी, किती दिवस मुरू द्यावी, हे सांगणारा माणूस मात्र कागदावर उतरत नाही.

१६/
रसेलचे खंड ज्या वर्षी आले त्याच वर्षी, मार्च १९१६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत इशी वारला. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा तो अखेरचा माणूस. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांनी त्याचे लोक मारून टाकले होते. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ तो एकटा, उपाशी सापडला. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवले गेले आणि तेथे त्याची गाठ सॅक्स्टन पोप या डॉक्टरशी पडली. पोपने त्याच्याकडून धनुष्य घडवायला, गारगोटीसारख्या काचदगडाचे बाणाग्र फोडायला आणि हरणाच्या वाटेवर दबून बसायला शिकून घेतले. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसते 'माणूस'. खरे नाव त्याने कोणालाच सांगितले नाही.

पोपच्या १९२३ च्या पुस्तकातून अमेरिकेतली आधुनिक धनुष्यशिकारीची चळवळ उभी राहिली. पुढे पोप आफ्रिकेत सिंहांवर बाण सोडायला गेला, तो भाग आज वाचवत नाही. पण आरंभीची पाने अमोल आहेत, कारण तेथे शिकवणारा शिकारी आहे, शिकणारा डॉक्टर आहे आणि कोण कोणाकडून शिकले हे डॉक्टरने लपवलेले नाही. थिओडोरा क्रोबर यांचे १९६१ चे 'इशी इन टू वर्ल्ड्स' त्याच्या जोडीला ठेवावे, म्हणजे पोपने थोडक्यात आटोपलेला संहाराचा भाग सविस्तर कळतो.

१७/
महाराष्ट्रात पोपसारखा कोणी निघाला नाही. त्याच्या जवळ जाणारे नाव मारुती चितमपल्ली यांचे. ते वनाधिकारी होते. विदर्भाच्या रानांत त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि २०२५ साली ते गेले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', आणि 'चकवा चांदण' हे आत्मचरित्र. ही पुस्तके शिकारीची नव्हेत. पण रानातली किती माहिती आपल्याला आदिवासींनी आणि पारध्यांनी दिली, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या जुन्या संस्कृत ग्रंथाचे मराठी रूपही त्यांच्यामुळे आपल्या हाती आले. माग, विष्ठा, घरटे, पाणवठा : धनुर्धराला बाणाआधी जे कळावे लागते ते सारे या पुस्तकांत आहे. या यादीतले पहिले पुस्तक कोणते घ्यावे, असे कोणी विचारले तर 'रानवाटा' घ्यावे आणि मग गाथासप्तशतीकडे वळावे.

१८/
जानेफळच्या तरुणाला आणखी एक धनुष्य वाचता येईल, मात्र ते पुस्तकात नाही. वऱ्हाड कापसाचा. १८७० साली जलंबहून खामगावला लोहमार्ग नेला गेला तो मुख्यतः कापसासाठी. त्या कापसाच्या गाद्या-रजया भरायला पिंजारी दारोदार येत. त्यांच्या खांद्यावर असे ती पिंजण, म्हणजे लाकडाची लांब काठी आणि तिच्यावर ताणलेली तात. ही तात जनावराच्या आतड्याची. कौटिल्याच्या दोऱ्यांच्या यादीत शेवटी आलेल्या स्नायूची ती जवळची नातलग. तिच्यावर लाकडी ठोकळ्याचा आघात झाला की बाण सुटल्यासारखा आवाज होई, आणि कापूस उडे.

ती पिंजण किती ताणायची, पावसाळ्यात सैल झालेली तात पुन्हा कशी चढवायची, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे अशी वृद्ध माणसे खामगाव-मेहकरच्या पट्ट्यात शोधली तर अजून सापडतील. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या बाजूला, कामठ्याची पट्टी केव्हा कापावी हे सांगणारेही असतील. त्यांच्याकडे जाताना वही न्यावी, आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहावे.